मारक्या निळ्याचे शेजारी

सन १९८३. माझं वय सत्तेचाळीस. आफ्रिकेच्या मासोळ्या माझ्या दुकानात पहिल्यांदा आल्या त्या त्याच साली. तोवर मला पक्कं वाटत होतं, की मासोळीच्या बाबतीत मारोतीला शिकवील असा माणूस भंडारा जिल्ह्यात अजून जन्मायचा आहे.

हे लिहितो आहे म्हणून कोणी मला लेखक समजू नये. शाळा तिसरीपर्यंत. ऱ्हस्व-दीर्घ नातीने पाहिले. तिने दोन-चार ठिकाणी वाक्यंही सुधारली होती, ती मी पुन्हा होती तशी करायला लावली. मासोळी माझी, गिऱ्हाईक माझं, तर वाक्यही माझंच पाहिजे.

मूळ धंदा काचेचा. देवांच्या तसबिरी, लग्नाचे फोटो, कपाटांची दारं. एकदा बदलून आलेल्या एका साहेबाची मासोळीची पेटी गळायला लागली आणि ती माझ्याकडे आली. तेव्हा पेट्या लोखंडी अँगलच्या चौकटीत काच बसवून करत. फटीत लांबी भरायची, म्हणजे खडूची भुकटी जवसाच्या तेलात मळून केलेला लगदा. मी ती अशी भरली की साहेबाची पुन्हा बदली झाली तरी पेटी गळली नाही. मग मीच पेट्या करायला लागलो. पेटी घेतली की गिऱ्हाईक विचारी, मासोळी कुठं मिळते? मग मासोळीही ठेवायला लागलो. कलकत्त्याहून रेल्वेने नागपूर, नागपूरहून एस.टी.ने मी. हवा भरलेल्या पिशव्या मांडीवर घेऊन बसायचो. कंडक्टर विचारायचा, “ह्याइचं तिकीट?” मी म्हणायचो, “पाच वर्षांच्या आतल्या आहेत.”

लोकांना वाटते, मासोळी विकायची म्हणजे जाळीने धरायची आणि पिशवीत टाकायची. तसं नाही. मासोळी कोणीही विकते. कोणाला कोणासोबत ठेवायचं, हे सांगणं हा खरा धंदा. गिऱ्हाईक दुकानात येते आणि लुगडी निवडावी तसं बोट दाखवते. ही एक लाल, ती एक काळी, ती लांब शेपटीची एक. मी सरळ नाही म्हणायचो. एका ठेकेदाराला आफ्रिकन मासोळ्यांसोबत एंजल पाहिजे होती. मी म्हटलं, “एंजल म्हणजे लांब पदराची बाई. आफ्रिकन म्हणजे बाजारात सुटलेला सांड. तुम्ही दोघांना एका खोलीत कोंडून कडी लावाल काय?” तो म्हणाला, “माझा पैसा आहे.” मी म्हटलं, “मासोळी माझी आहे.” तो गेला. गेला तर गेला.

ह्या आफ्रिकन मासोळ्यांची जात समजावून सांगतो. त्यांचं तळं म्हणे समुद्राएवढं मोठं, आणि काठाकाठाने सगळे खडकच खडक. प्रत्येक नराचा एक दगड ठरलेला. त्या दगडाशी दुसरा कोणी आला की हा त्याला फाडून खाईल असा धावतो. पोटासाठी नाही. पोटाला त्याला दगडावरचं शेवाळ पुरते. धावतो तो जागेसाठी. त्यांना पाणीही साधं चालत नाही, जड पाहिजे. आमच्याकडे काही विहिरी अशा आहेत की त्या पाण्यात तुरीची डाळ दिवसभर चुलीवर ठेवली तरी शिजत नाही. बाया त्या विहिरीला नावं ठेवतात आणि पिण्याचं पाणी लांबून आणतात. तेच पाणी ह्या मासोळ्यांना अमृत. गिऱ्हाईक आलं की मी आधी विचारायचो, “तुमच्या विहिरीत डाळ शिजते काय?” शिजते म्हटलं की आफ्रिकन द्यायचो नाही.

मोहाडीचा एक कापडवाला दुकानात भांडायला आला होता. म्हणाला, “तुमी मले पिवळी मासोळी देल्ली. ते काळी पडली. रंग कच्चा हाय तुमचा!” त्याला वाटलं मी मासोळी रंगवून विकतो. आता ह्या जातीत पिवळ्या अंगावर काळे पट्टे असतात, आणि त्यातला नर जोरावर आला, घराचा मालक झाला, की अंगाने काळा होतो. मी त्याला हे समजावलं. त्याने वळून माझ्या टाकीत पाहिलं. मग म्हणाला, “म्हंजे माह्या पेटीत मालक झाला तो?” आणि खूश होऊन गेला. जाताना बायकोला सांगायला त्याच्याकडे काहीतरी झालं.

आता मुख्य गोष्ट.

कुसुमबाई नावाची एक बाई दुकानात आली. नवरा सिंचन खात्यात, घर भंडाऱ्यात भाड्याचं. तिचा सासरा डोमाजी पाटील, गाव दिघोरी. उभा जन्म धानात आणि बैलांत गेलेला माणूस. त्याला लकवा झाला, डावं अंग गेलं, म्हणून लेकाने इथं आणलं होतं. कुसुमबाई म्हणाली, “मामाजी दिवसभर भिंतीकडे तोंड करून रायते. डॉक्टर म्हणते, बसवत जा, नाहीतर पाठीले जखमा होतीन. पण ते बसतच नाही. काहीतरी हालतं-चालतं त्याइच्या डोळ्यासमोर पाह्यजे.”

तिने आफ्रिकनांमधला एक निळा पाहिला. दिवाळीच्या फुलबाजीसारखा चमकायचा तो. मग म्हणाली, “हा द्या, अन् ह्याच्यासंग चार सोनमासोळ्या द्या.”

“सोनमासोळ्या नाही मिळणार, बाई.”

“त्या काय दिसून राहिल्या टाकीत!”

“दिसतात. पण ह्याच्यासोबत नाही मिळणार.”

ती रागावली. पण डाळीचं विचारल्यावर हसली. म्हणाली, “आमच्या वाड्यातल्या विहिरीचं डाळीशी सतरा जन्माचं वैर हाय, भाऊ.” मी तिथंच ठरवलं, आफ्रिकनच द्यायच्या.

माझा जन्म धानाच्या घरातला. रोवण्यात लहानपणापासून एकच गोष्ट ऐकत आलो, की दाट लावू नका. प्रत्येक रोपाला जागा द्या, मग त्याचे फुटवे पाहा. तेच माझ्या डोक्यात. भांडखोर जात आहे, तर मोजक्याच सोडाव्या, म्हणजे प्रत्येकाला आपापली जागा होईल आणि शांत राहतील. तो निळा, दोन पट्टेवाल्या पिवळ्या आणि एक करड्या रंगाची. तीन फुटी पेटी, नदीतले गोटे, वाड्यातलं पाणी. डोमाजीच्या खाटेसमोर स्टूल जोडून पेटी मांडली.

तो आधी डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहत होता. मग तोंड वळवलं. बोलणं थोडं जड झालं होतं, पण धार तशीच.

“काय गा काचवाल्या, हे मासोळ्या हायेत का शाळेतले पोरं? रेघारेघाचे कपडे घालून आल्या!”

“आफ्रिकेतल्या आहेत जी, पाटील.”

“इतक्या दुरून मले पाह्याले आल्या? माह्या सख्ख्या भावाले दिघोरीहून याले फुरसत नाई.”

मी त्यांना उकडलेलं पालकाचं पान टाकलं. निळ्याने पहिला लचका तोडला आणि बाकीच्यांना हाकलून लावलं. डोमाजी हसला. “पालक खाऊन इतकी मस्ती? मी जलमभर मटन खाल्लं, मले नाई आली.” आणि कुसुमबाईला म्हणाला, “उठव मले जरासा. तो गोट्यामांगं गेला का दिसत नाई.”

तिने उशा लावून त्याला बसवलं. त्या वेळी तिने माझ्याकडे जे पाहिलं ते मी विसरलो नाही. डॉक्टर सांगून थकला होता ते निळ्याने करून दाखवलं.

नाव डोमाजीने लगेच ठेवलं. निळ्या. बैलाला ठेवतात तसं. रोज सकाळी म्हणे स्वतः आवाज देऊन बसवून घ्यायला लागला. जेवण पेटीसमोर, चहा पेटीसमोर. मी आठवड्यातून एकदा पाणी पाहायला जायचो, तर तो मला सगळा हालहवाल सांगायचा. कोणी कोणाला कुठं अडवलं, करडी कशी कोपऱ्यात उभीच्या उभी राहते.

ती करडी मेली. मी म्हटलं, प्रवासाने थकली असेल. मग एक पिवळी मेली, शेपटी कुरतडलेली. मग कुसुमबाई दुकानात आली.

“दुसरी देतो, बाई,” मी म्हटलं.

“दुसरीसाठी नाई आली मी. मासोळी मेली का मामाजी जेवत नाई. काल चहा पेले, बस. ताटाकडे पाह्यलंच नाई. घरातलं जनावर मेलं का त्याइच्या घरी चूल पेटत नव्हती म्हणते. पेटी आली म्हणून बसाले लागले, अन् पेटीपायीच उपाशी रायते. आता मी काय करू ते सांगा.”

“निळ्याला काढून आणतो. त्याच्या जागी गरीब जात देतो.”

“ते त्याइलेच येऊन सांगा.”

मी गेलो. सांगितलं. डोमाजीने माझ्याकडे असं पाहिलं की जसा मी त्याच्या बांधावरून नांगर फिरवला. “मारका म्हणून माह्या गोठ्यातून एक बैल नाई गेला. मारका असते त्याच्यातच कामाचा जोर असते. मी बैल नाई विकला, अन् आता मासोळी विकू? निळ्याले नेशीन त खाटेसंग मलेही ने.” आणि भिंतीकडे तोंड केलं.

कुसुमबाई मला दारापर्यंत सोडायला आली. हळूच, पण पक्कं बोलली, “एक डाव पाहा, भाऊ. आता आणखी एक मेली का मी पेटी अंगणात नेऊन उलटी करन. रागावले तं रागावले. रागावला माणूस जेवते तरी. हे असं मी पाहू नाई शकत.”

ती खोटं बोलणारी बाई नव्हती. पेटी गेली तर म्हातारा पुन्हा आडवा होणार. ठेवली आणि मासोळी मेली तर उपाशी मरणार. आणि दोन्हीकडून ते माझ्याच हातचं काम.

मी निळ्याच्या मापाच्या दोन नव्या आफ्रिकन घेऊन गेलो. तब्येतीने पक्क्या, दुकानात कोणाला न भिणाऱ्या, म्हणजे त्याच्यापुढे टिकतील. पिशवी पाण्यावर तरंगत ठेवली, मग सोडल्या. त्या तळाला पोचल्याही नाहीत की निळ्या सुटला. एकीला असं धरलं की दोन खवले पाण्यात फिरत खाली आले. मी जाळीच्या दांड्याने त्याला मागे रेटत होतो. तो दांड्यालाही चावत होता.

मागून आवाज आला, “तू गोठ्यात वाढला का दवाखान्यात गा?”

“काय झालं जी?”

“नवा बैल घरी आणला, अन् खुंटे नाई बदलवले?”

त्याने उजवा हात वर करून समजावायला सुरुवात केली. नवा बैल आणला की त्याच्या घरी गोठ्यातले सगळे बैल बाहेर काढत. खुंटे उपटून दुसरीकडे ठोकत, गव्हाणी इकडच्या तिकडे करत. मग सगळ्यांना एकदमच आत घेत, आणि मारक्याला सगळ्यांच्या शेवटी. म्हणजे गोठा कोणाचाच राहत नाही. सगळेच पाहुणे. पाहुणा पाहुण्याला काय म्हणून मारील?

“अन् दुसरं,” तो म्हणाला, “तू जोडी-जोडीनं आणतेस. गोठ्यात दोनच बैल असले त मारका दिवसभर त्या एकालेच मारते. दहा बांध. कोणाकोणाले मारन? शिंग उगारे-उगारेपर्यंत तिसराच आडवा येते.”

मी म्हटलं, “पाटील, हे बैल नोहेत. मासोळ्या आहेत. दाट केल्या का पाणी खराब होते.”

“पानी बदलव मंग! हात मोडले का तुये?”

“तीस वर्षं काच कापतो मी, अन् दहा वर्षं मासोळी...”

“मंग काच काप. मासोळी मले सांगाले नोको.”

मी माझ्या दोन्ही मासोळ्या पिशवीत भरल्या आणि तडक निघालो. मला कोणी शिकवलेलं खपत नाही, आजही खपत नाही. दुपारी जेवताना बायकोला सगळं सांगितलं, म्हणजे ती माझ्या बाजूने बोलेल म्हणून. तिने पानात भाजी वाढली आणि म्हणाली, “अख्खा भंडारा तुमच्यापाशी शिकाले येते म्हणता. एक डाव तुमी शिकून पाहा. मरून त नाई जात.”

भात तसाच टाकून मी दुकानात आलो आणि समोरच्या मोठ्या टाकीपुढे उभा राहिलो. रस्त्यावरून जाणारे लोक ती टाकी पाहायला थांबायचे. माझ्याकडच्या निवडक देखण्या आफ्रिकन त्यात होत्या. विकायला नव्हत्या, दुकानाची शान होती ती. मी जाळी घातली आणि टाकी रिकामी केली.

तरी भरती कमी वाटत होती. मग मी नदीवर मासे धरणाऱ्या ढिवराकडे गेलो. ह्या खेपेस डोकं चालवून निवडलं. निळ्याच्या तोंडात मावेल असं काही नको. लांब शेपटीचं नको, तिला कुरतडतो. त्याच्यासारख्या रंगाचं नको, त्याला ते वैरी वाटते. वैनगंगेतल्या बोटभर चांदीरंगी मासोळ्या घेतल्या. त्या वरच्या पाण्यात पळतात, हाती लागत नाहीत, आणि निळ्याची नजर सारखी वर ओढतात. तळासाठी मिशांचे दोन टेंगरे घेतले. टेंगऱ्याला दगड नको असतो, आणि अंगात काटा असतो. चावणारा एकदाच चावतो.

बादल्या घेऊन दारात उभा राहिलो तर डोमाजी म्हणाला, “आलास? मले वाटलं काच कापून राहिला असशीन.”

मी निळ्या आणि उरलेली पिवळी बादलीत काढली. मग म्हटलं, “सांगा पाटील. खुंटे कुठं ठोकू?”

असा खुलला तो! उजव्या हाताने दाखवत गेला आणि मी कोपरापर्यंत हात घालून गोटे हलवत गेलो. “तो चपटा उभा कर. नाई, तिकडं. त्याच्यामांगं लपाले जागा ठेव, पळनाऱ्यालेही घर पाह्यजे. मधात मोकळं सोड. निळ्या जिथं बसे ना, तिथचा गोटाच काढून टाक.” कुसुमबाईला मी सांगितलं, की इतक्या मासोळ्या म्हणजे दर दोन-तीन दिवसांनी चार बादल्या पाणी बदलावं लागेल. ती म्हणाली, “शंभर बदलवीन. जगू द्या फक्त.”

नव्या आधी सोडल्या. थोडा वेळ हिंडू दिल्या. निळ्या शेवटी.

तो सरळ आपल्या जुन्या जागेवर गेला. तिथं काहीच नव्हतं. गोल फिरला. दुसऱ्या कोपऱ्यात गेला, तिथं एक पिवळी आधीच तोंड घालून होती. तिच्यावर धावला, तर मधून चांदीच्या मासोळ्यांचा घोळका गेला, तो त्यांच्यामागे लागला. त्या हाती आल्या नाहीत. टेंगऱ्याला ढुसणी देऊन पाहिली, लगेच मागे सरकला. डोमाजी मान पुढे काढून पाहत होता. म्हणाला, “खुंटा पाहून राहिला लेकाचा.”

दिवेलागणीपर्यंत धावाधाव चालूच होती, पण एकाच मासोळीच्या मागे तो काही टिकला नाही. कुसुमबाई म्हणाली, “आता बरं दिसते. पण मेलेली सापडते ते सकाळीच.” तिचं खरं होतं. मी हात पुसून घरी गेलो.

पुढचं सगळं इथंच सांगून टाकतो, म्हणजे शेवटी त्या सकाळपाशी थांबता येईल. डोमाजी त्यानंतर बरीच वर्षं जगला. चालला नाही, पण आडवाही पडला नाही. मी त्याच्यानंतर ज्या घरी आफ्रिकन दिल्या, तिथं आधी खुंटे बदलवले. पवनीपासून तुमसरपर्यंत माझी पेटी शांत राहते असं नाव झालं. ते नाव निम्मं त्याचं. आता दुकान बंद आहे. पोरं मोबाइलवर पाहतात, कोणती मासोळी कोणासोबत चालते, सगळं लिहिलेलं असते म्हणे. असेल. पण त्यात पेटीसमोर बसून पाहणारा माणूस नसतो, आणि निम्मं त्याच्याकडे पाहूनच ठरवावं लागते. एक गोष्ट मनाला लागून आहे. डोमाजीला खरंच आफ्रिकेचं ते तळं कसं आहे हे पाहायचं होतं, निदान फोटोत. मी कलकत्त्याच्या माणसाला सांगत राहिलो, फोटो काही आला नाही.

तर ती दुसऱ्या दिवशीची सकाळ. मी दुकान उघडलं ते फक्त एक डबा घ्यायला. त्यात एक आफ्रिकन मादी होती. एका डॉक्टरीणबाईने परत आणून दिली होती, कोणाशीच जमत नाही म्हणून. डबा घेऊन मी डोमाजीच्या घरी गेलो. कुसुमबाई अंगणात सडा टाकत होती. मला विचारायचं धाडस झालं नाही. तीच म्हणाली, “मी पाह्यलं नाई अजून. दोनदा आत गेली, पेटीकडे पाठ करून आली. तुमीच जा.”

आत डोमाजी पेटीकडे तोंड करून बसला होता. मी दारातच थांबलो.

“उभा काहून? सगळ्या हायेत,” तो म्हणाला. “तीनदा मोजल्या. एकीची शेपटी जराशी फाटली, भरून येईन. निळ्यानं उजवीकडचा कोपरा धरला, तेवढ्यावर राजी हाय.” मग मोठ्याने आवाज दिला, “कुसुम! निळ्याले पालक टाक, अन् मले फोडणीचा भात. काहून उशीर करून राहिली वो? भूक लागली ना!”

बाहेर बादली खाली ठेवल्याचा आवाज आला. ती लगेच आत आली नाही.

मी डबा स्टुलावर ठेवला आणि झाकण काढलं. “पाटील, हे डॉक्टरीणबाईच्या पेटीतली. कोणासंगच पटत नाही हिचं. कोणासंग ठेवू, ते सांगा.”

त्याने मान वाकवून डब्यात पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाला, “हे असं उभ्या उभ्या सांगाचं काम नोहे. बस.”

मी चपला दाराशी काढल्या आणि त्याच्या खाटेपाशी खाली बसलो.